पाच कोसांतलं इंग्रजी

जुन्नरच्या पेठेत रिखबचंद शेटजींचं हिरड्याचं दुकान होतं आणि घरात फतेचंद नावाचा एकुलता एक मुलगा होता. शेटजींच्या मते या दोन गोष्टी एकमेकींसाठीच जन्माला आल्या होत्या. फतेचंदाला मात्र हिरड्याच्या वासानं शिंका येत, आणि त्याला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं. बरीच रुसारुशी झाल्यावर शेटजी एका अटीवर वाकले. दसऱ्यानंतर दिपोटीसाहेब इंग्रजी शाळा तपासायला येत. त्यांच्या निबंधात पास झाला तर कार्तिकी पुनव उलटल्यावर पुणं. नापास झाला तर दुकानाची गादी. शेटजींनी ही अट फार विचार करून घातली होती. त्या निबंधात पास झालेला मुलगा जुन्नरात कुणी पाहिला नव्हता.

विषय काही गुपित नव्हता. दिपोटीसाहेब दर साली एकच विषय देत: ‘अ जर्नी’, म्हणजे प्रवास. बारा महिने टांग्यात बसून शाळा तपासणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय.

शाळेचे मास्तर एकदा तळेगावला आगगाडीत बसून मुंबईला जाऊन आले होते, आणि अजून पुरते उतरले नव्हते. इंग्रजी शब्द बसल्या जागी पाठ होत नाहीत, चालत्या गाडीतच होतात, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून ते वर्गातली बाकं एकामागं एक लावून गाडी करत. भिमाजी इंजिन, कारण त्याला दमा होता. मास्तर गार्ड. हिरवं फडकं हललं की ‘प्लॅटफॉर्म’, ‘लगेज’, ‘व्हिसल’ असं घोकत गाडी तळेगावाहून सुटे. खंडाळ्याचा ‘टनेल’ आला की सगळ्यांनी बाकाखाली डोकी घालायची. मुंबई येईपर्यंत शाळा सुटायची.

घोळ झाला तो आषाढी चौदसला. त्या दिवशी जैनांचा चातुर्मास बसतो, तो कार्तिकी पुनवेपर्यंत. उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या मुक्कामी, महाराजसाहेबांपुढं ज्यानं त्यानं आपल्या ताकदीचा नेम धरायचा. फतेचंदाच्या आईनं, कस्तुरबाईंनी, आठ दिवसांचे उपास धरले. शेटजींनी गूळ सोडला. फतेचंदाकडं सोडण्यासारखं फार नव्हतं, आणि जे होतं ते त्याला आवडत होतं. म्हणून त्यानं दिशांचा नेम घेतला: चातुर्मास संपेतो पाच कोसांपलीकडं जाणार नाही. चारी दिशांना, आणि रीतच आहे म्हणून वर आणि खालीही. एका अंगाला नारायणगाव, वर शिवनेरीचा माथा, खाली घरच्या आडाचा तळ. एवढ्यात त्याचं आजवरचं सगळं आयुष्य ऐसपैस मावत होतं. इतका स्वस्तातला नेम कुणाला सुचला नसेल, या समाधानात तो घरी येऊन दोनदा जेवला.

दुसऱ्या दिवशी कस्तुरबाई ओसरीवर मूग निवडत होत्या आणि तो शेजारी बसून तळेगाव ते मुंबई घोकत होता. त्यांचा हात थांबला. हे तळेगाव किती लांब, असं त्यांनी विचारलं.

“असेल वीस-पंचवीस कोस.”

“मग तू तिथं काय करतोयस?”

“मी कुठं तिथं? मी ओसरीवर आहे. नुसतं मनानं चाललंय.”

“नेम घेताना काय म्हणालास? मनानं, वाचेनं, कायेनं. काया तेवढी ओसरीवर आहे. बाकीची दोघं गाडीत बसलीत.”

त्यानं मन आणि वाचा दोन्ही परत बोलावली.

शाळेत त्यानं मास्तरांना सांगितलं की आपल्याला गाडीत बसता येणार नाही. ती सुटतेच पाच कोसांपलीकडून. मास्तरांनी पुष्कळ विचार केला. बिनतिकिटाचा उतारू त्यांनी पाहिला होता, पण गाडीत बसायला नको म्हणणारा पहिलाच. शेवटी त्यांनी त्याला वर्गाच्या दारात उभं केलं आणि हे दार म्हणजे जुन्नर, असं जाहीर केलं.

फतेचंदाचा दोस्त सावळेराम पिंपळवंडीच्या पाटलांचा. शिकायला जुन्नरात राहिलेला. त्याला कसलाच नेम नव्हता. “तुज्या वतीनं मी जातो राव,” तो म्हणाला. “तू नुसतं मला धाड. कुठं जाऊ सांग. इलायतेला जाऊ?” पण कस्तुरबाईंनी तेही मोडून काढलं. स्वतः करायचं नाही तसं दुसऱ्याकडून करवायचंही नाही, असंच नेमाच्या बोलात होतं.

आता पुणं बुडालं, हे फतेचंदाला स्वच्छ दिसलं. तो उपाश्रयात गेला आणि त्यानं महाराजसाहेबांना सगळी हकिगत सांगितली. महाराजसाहेब मारवाडातून पायी आलेले. आगगाडी, बाकं, भिमाजीचा दमा, हे त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाले की आई सांगते ते बरोबर आहे. साधूला तिन्ही बंद असतात: करणं, करवणं आणि अनुमोदन देणं. गृहस्थाला मात्र तिसऱ्याची मोकळीक असते. कुणी आपणहून निघालाच असेल तर बरं झालं म्हणायला हरकत नाही. एवढं सांगून ते पुन्हा पोथीकडं वळले.

फतेचंद बाहेर आला तो अनुमोदन देतच.

त्या दिवसापासून तो रोज अख्ख्या वर्गाला पोचवू लागला. कुणाची ट्रंक चढव, कुणाची छत्री राहिली ती खिडकीतून दे, कुणाच्या मुंबईच्या मामांना ‘रिगार्ड्स’ सांग. ‘टेक केअर ऑफ युवर बॉक्स’, ‘डू नॉट लीन आउट’, ‘राइट सून’. गाडी बोगद्यात शिरली आणि सगळ्यांची डोकी बाकाखाली गेली की दारात तो एकटाच उरे. मुंबईला पुष्कळ अवकाश असे. तेवढ्या वेळात तो कोशातून मागं राहणाऱ्याला लागतात ते शब्द शोधून काढी: उशीर, काळजी, रिकामं, सामसूम. गाडीत बसलेल्यांना हे शब्द कधी लागलेच नाहीत.

बाजाराच्या दिवशी तो वेशीवर उभा राहून परतणाऱ्या गाड्यांवर सराव करी. निमगाव सावाच्या सोमाजीला त्यानं इतक्या कळकळीनं निरोप दिला, की सोमाजी गाडी वळवून दुकानात आला.

“शेटजी, पोराला बरं न्हाई का? मी निमगावला चाललोय, काळ्या पान्यावर न्हाई.”

शेटजींनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि नापास होण्याची चिन्हं चांगली आहेत असं मनाशी ठरवलं.

दसरा झाला, दिपोटीसाहेब आले, विषय आला. सगळ्या वर्गानं मास्तरांचा प्रवास जसाच्या तसा कागदावर उतरवला. प्रत्येकाच्या खिडकीतून झाडं उलटी पळाली, प्रत्येकाच्या डोळ्यांत कोळशाचा कण गेला, आणि तोही डाव्याच. साहेब एकेक कागद वाचून बाजूला ठेवत होते. मग एका कागदावर थांबले आणि त्यांनी फतेचंदाला उभं केलं.

“व्हेअर डिड यू गो?”

“नोव्हेअर, सर.”

मास्तरांनी डोळे मिटले. साहेब मराठीवर आले. “मग हा प्रवास कुणाचा?”

“जाणाऱ्यांचा, साहेब. मी अनुमोदन दिलं.”

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. सगळे निघून गेल्यावर दार कसं दिसतं, ते त्यात होतं. मग ते हळूच म्हणाले, “मी एवढ्या गावांतून निघतो, मला कधी कुणी पोचवायला येत नाही. पाठ फिरली की मास्तर लोक ‘गेला एकदाचा’ म्हणतात. ऐकू येतं मला.” मास्तरांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. “उद्या सकाळी मी घोडेगावला निघतोय. वेशीवर ये. हे घोकलेलं असेल तर तिथं कळेल.”

फतेचंद उजाडायच्या आत वेशीवर होता. साहेबांची वळकटी त्यानं पायाशी नीट लावून घेतली. पुढचा रस्ता ओला असेल, उताराला चाक घसरतं, गळ्याला मफलर घ्या, घोडेगावची मुलं लाजाळू आहेत तेव्हा त्यांना जरा दमानं विचारा, आंबेगावाकडून भीमाशंकरही करणार असलात तर बरंच झालं, आणि पोचलात की कळवा. हे सगळं इंग्रजीत, न अडखळता, कारण रोजच्या गाडीत असलं काही ना काही लागतच होतं. टांगा दोनदा सुटला आणि साहेबांनी दोन्हीदा काही विसरल्यासारखं करून तो थांबवला. तिसऱ्यांदा त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मांडीवरच त्याला पास केलं.

शेटजींनी निकाल ऐकला. शब्द दिला होता, तो मोडायचा प्रश्न नव्हता. पण नंतर बरेच दिवस ते गादीवरची रिकामी बाजू उगीचच झटकत राहिले.

कार्तिकी पुनव झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेणूचा टांगा दारात लागला आणि सगळी पेठ गोळा झाली. पण माणसाला पोचवायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कस्तुरबाई फराळाचा डबा घेऊन भलत्याच बाजूला उभ्या होत्या, ट्रंक उंबऱ्यात अडली होती, सावळेराम घोड्याच्या गळ्यात पडून रडत होता. फतेचंदाला ही बेशिस्त बघवेना. त्यानं सगळं हातात घेतलं. ट्रंक मागं बांधली, डबा आत सरकवला, नारायणगावच्या उतारावर घोडा आवर म्हणून गेणूला बजावलं, दोन पावलं मागं सरला, हात उंच केला आणि म्हणाला, “गुड बाय. सेफ जर्नी.”

गेणूनं चाबूक वाजवला. टांगा निघाला. सगळ्या पेठेनं हात वर केले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इतका नेटका निरोप जुन्नरात आजवर झाला नव्हता.

टांगा रिकामा आहे, हे पहिल्यांदा रिखबचंद शेटजींच्या ध्यानात आलं.

आता त्यांना काहीही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. ट्रंक पुण्याला गेली असती, मुलगा दारातच उरला असता, आणि दिलेला शब्द मोडला असंही कुणी म्हणालं नसतं. शेटजींनी दुकानाकडं पाहिलं. मुलाकडं पाहिलं. तो अजून हात हलवत होता आणि त्याचा चेहरा पार सामसूम झाला होता.

शेटजींनी धोतराचा सोगा खोचला आणि ते धावत सुटले. ते आजवर गिऱ्हाइकामागंही धावले नव्हते.

“गेणू, थांब. माणूस राहिला.”

टांगा वेशीत थांबला. फतेचंद मागून पळत आला, तेव्हा त्याला काय झालं ते कळलं. शेटजींनी त्याला दंडाला धरून वर चढवलं आणि चाकाला टेकून ते दम खात उभे राहिले.

“आता उतरू नकोस,” ते म्हणाले.

त्यांचा एक जोडा पेठेतच कुठंतरी राहिला होता. टांगा दिसेनासा झाल्यावर सावळेराम आणि शेटजी तो शोधत परत निघाले.