गुलाबी, थोडा तपकिरीकडे झुकलेला

खिडकीतला उत्तरेचा उजेड. कापडाचे दोन तुकडे, कडेला कड लावून.

त्याच्या नाभीखालचा जुना व्रण. वीतभर.

फ्लश दोनदा. बाहेरून बायको, "टाकी रिकामी करायची पैज लावलीय का कुणाशी?"

"लघवी जरा लाल झाली. काल बीट खाल्लं ना आपण, त्याचं असेल."

"हो. त्याचंच."

तो कापडगिरणीत रंग जुळवायचा. गिऱ्हाइकाचा नमुना आणि एका खेपेत रंगवलेल्या नव्या लॉटचा तुकडा उजेडात शेजारी धरून सांगायचा, जुळला की नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली. तेव्हापासून रोज सकाळी शौच झालं की भांड्यात वाकून बघायचं. लाल नाही. आजचा दिवस सुटला. लघवीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पहारा एकाच दारावर.

दवाखान्यात दुर्बीण घालून मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला.

"मूत्राशयाचाच नवा आजार असेल तर बरं, सुरुवातीलाच सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुना आतड्यातून इथे आला असेल तर मात्र अवघड. पण तसं क्वचित होतं."

"क्वचित म्हणजे?"

"मी दोनदा पाहिलंय."

दोनदा. म्हणजे होतं.

आठ दिवस त्याने एकही लॉट पास केला नाही. सगळ्यात काहीतरी तांबूस दिसायचं. सुपरवायझर म्हणाला, "मामा, डोळे तपासून घ्या." तळहात सारखे ओले. कापडावर डाग पडायचे.

नवव्या दिवशी बायकोसोबत प्रयोगशाळेत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा शेजारी. एक तीन वर्षांपूर्वीची, आतड्याची. एक आत्ताची.

"मी बघू?"

डॉक्टरीणबाई बाजूला सरकल्या.

वाकडीतिकडी कडी, त्यांच्या कडेला जांभळ्या ठिपक्यांची दाटी. त्याने काच सरकवायला सांगितली. पुन्हा तीच कडी, तीच दाटी. मग परत पहिली. आपण चुकावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"एकाच लॉटचं आहे," तो म्हणाला.

बायकोने त्याची बाही घट्ट धरली. "ह्यांना काय कळतंय त्यातलं. बाई, तुम्ही सांगा ना."

"त्यांना कळलंय," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या.

त्या महिन्यात घरात बीट आणलेलंच नव्हतं.