झोपवलेला काटा

जुनी गाडी घेताना आपण सगळे सारखेच वागतो. दरवाजे उघडून-लावून बघायचे, टायरला एक लाथ मारायची, हॉर्न वाजवायचा, आणि मग गाड्यांतलं सगळं कळतं अशा थाटात मान डोलवायची! इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कुठं दिसतं? ते दिसावं म्हणून समोर एक छोटा काटा दिलेला असतो. इंजिन गार असलं की काटा खाली, चालू लागलं की मध्यावर, आणि तापलं की वर लाल रेघेकडे. त्या काट्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

ताईनेही तेवढंच केलं होतं. घरी दिवसभर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ती विरंगुळा केंद्र चालवायची. सकाळी एकेकाला घरून घ्यायचं, संध्याकाळी ज्याला-त्याला सुखरूप पोचवायचं. त्यासाठी तिने एक जुनी व्हॅन घेतली आणि तीनच आठवड्यांनी एका मंगळवारी ती व्हॅन भर उन्हात, ऐन चढावर, वाफा सोडत बंद पडली. आत सात म्हातारी माणसं! मदत यायला पाऊण तास गेला. तापलेल्या पत्र्याखाली एका आजींना चक्कर आली, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

मग काय, लोकांना निमित्तच मिळालं. "गाडी तापतेय हे समोर काट्यावर दिसतं. हिचं लक्ष कुठं होतं?" आजींची सून तर तोंडावर म्हणाली, "आमचं माणूस तुमच्या भरवशावर पाठवलं होतं." ताईला स्वतःलाच वाटत होतं, की आपण काट्याकडे बघितलंच नसणार.

एकच माणूस वेगळं सांगत होता. पुढच्या सीटवर बसणारे आजोबा. उभं आयुष्य त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेलं, डोळ्याला भिंग लावून. ते म्हणत, "काटा हललाच नाही. वाफ निघाली तेव्हाही मध्यावर होता." पण ऐंशी वर्षांच्या माणसाचं कोण ऐकतं? त्यांचा मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, परवा तुम्ही चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होतात. आता काट्याचं नका सांगू."

गुरुवारी सकाळी ताई आणि आजोबा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आले. व्हॅन आदल्या दिवशीच ओढून आणलेली होती.

मिस्त्री म्हणजे त्या भागातलं नावाजलेलं माणूस. काम चोख, बोलणं गोड, हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली. त्यांची एक खास सवय होती. कुठलीही वायर जोडली की त्यावर टेप गुंडाळायची, आणि टेपवर मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी गाठ मारायची. वडील ताडपत्र्या शिवायचे, त्यांच्याकडून ही गाठ हातात आलेली. "माझा जोड दहा वर्षं सुटायचा नाही," असं ते अभिमानाने सांगत.

"इंजिन गार आहे, ते बरं," म्हणत मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण उघडलं. "गरम असताना हे कधी उघडू नका ताई, तोंड भाजेल." आत बोट बुडवलं तर ते तांबूस होऊन बाहेर आलं. "हे बघा! इंजिन गार ठेवणारं कूलंट घालायचं सोडून कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. सगळा गंज साठलाय. रेडिएटर निम्मा बुजलाय."

मग त्यांनी थर्मोस्टॅट काढला. पाणी तापलं की उघडून त्याला गार व्हायला रेडिएटरकडे वाट करून देणारी ती झडप. मिस्त्रींनी ती शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात सोडली. आजोबा वाकून, श्वास रोखून बघत राहिले. झडप जागची हलली नाही.

"अडकलीय," आजोबा म्हणाले.

"बरोब्बर! आजोबा, तुम्ही माझ्याकडे कामाला या," मिस्त्री हसले. ताईसुद्धा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मग पंखा फिरतो का ते बघायला मिस्त्रींनी किल्ली फिरवली. आणि त्यांचं हसू तिथंच विरलं. रात्रभर उभ्या असलेल्या, गारढोण इंजिनाचा काटा सरळ उठून मध्यावर जाऊन बसला होता.

त्यांनी झटकन किल्ली बंद केली. "तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा. पुढचं काम किचकट आहे."

दोघं बाहेर गेल्यावर मिस्त्रींनी डॅशबोर्ड उघडला. काट्याच्या वायरला एक मण्याएवढा तुकडा जोडलेला होता. गॅरेजवाल्यांच्या भाषेत त्याला गोळी म्हणतात. ती लावली की इंजिन गार असो वा पेटायच्या बेतात असो, काटा आपला मध्यावर गाढ झोपलेला! जोडावर टेप होती. टेपवर मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी गाठ होती.

गाठ मिस्त्रींचीच होती.

दीड वर्षापूर्वी गाड्यांचा एक दलाल हीच व्हॅन घेऊन आला होता. तेव्हा तिचा रंग निळा होता, म्हणून ओळखू आली नव्हती. "इंजिन जरासं तापतं हो. गिऱ्हाईक काटा बघून उगाच बिचकतं. एक गोळी देऊन टाका ना." मिस्त्रींनी दिली. चहा पिता पिता, दहा मिनिटांत दिली! आपल्याकडे याला हुशारी म्हणतात, बरं का. 'सगळेच करतात' हे दोन शब्द पाठीशी असले की आपल्याला झोप छान लागते.

त्यांनी गोळी कापून काढली, वायर नीट जोडली आणि गोळी गाठीसकट खिशात टाकली. बाहेर आल्यावर ताईकडे न बघता म्हणाले, "झडप अडकली, रेडिएटर बुजला, म्हणून गाडी तापली. शनिवारी घेऊन जा."

ताईने घाबरत विचारलं, "दादा, काट्यात काही दोष होता का?"

खरं बोलायला एक क्षण पुरला असता. मिस्त्रींच्या तोंडून निघालं, "नाही. काटा चांगला आहे."

ताईने मान खाली घातली. "म्हणजे मीच बघितलं नाही."

आजोबा चपापले. "अहो, पण मी स्वतः..."

"आजोबा, कधीकधी बघण्यात चूक होते," मिस्त्री म्हणाले आणि हात पुसायच्या निमित्ताने पाठमोरे झाले. मागून आजोबांचा आवाज आला, अगदी बारीक. "असेल. मग असेल."

त्या दिवशी मिस्त्री भरल्या ताटावरून उठले. बायकोने विचारलं, "बरं नाही का?" ते "काही नाही" म्हणाले. शुक्रवारी दिवसभर त्यांनी त्या व्हॅनवर असं काम केलं की यंव! नवा रेडिएटर, नवी झडप, नवे पाइप, ताजं कूलंट. लख्ख काम करून गुन्हा धुऊन निघेल असं त्यांना वाटत होतं. पण दर थोड्या वेळाने हात खिशाकडे जायचा आणि गोळी बोटांना लागायची. लाज अशी असते. वरून दिसत नाही, आतून टोचत राहते.

शनिवारी दोघं आले. ताईचे डोळे सुजलेले होते. "संध्याकाळी सगळ्या घरच्यांना बोलावलंय," ती म्हणाली. "चूक माझी होती असं सांगणार आणि केंद्र बंद करणार. ज्याला समोरचा काटा दिसत नाही त्याने दुसऱ्यांची आईबापं गाडीत बसवू नयेत."

मिस्त्रींनी पुढचा दरवाजा उघडून धरला. "आजोबा, या. तुमची सीट."

आजोबा पुढे आलेच नाहीत. कष्टाने मागे चढत म्हणाले, "नको. मागेच बरं. मुलगा म्हणतो ते खरं दिसतंय, डोकं दगा द्यायला लागलंय. भिंगही काल त्याच्याकडे देऊन टाकलं. जे डोळे नसलेलं बघतात त्यांना भिंग कशाला?" आणि ते हसले. ते हसणं बघवत नव्हतं.

"थांबा!" मिस्त्री जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी खिशातून गोळी काढली आणि आजोबांच्या तळहातावर ठेवली. "तुमचं डोकं शाबूत आहे आजोबा! तुम्ही बघितलं तेच खरं होतं. काटा हलणारच नव्हता. त्याला झोपवलं होतं. आणि ताई, तुम्ही सतत बघत राहिला असतात तरी तुम्हाला काही दिसलं नसतं."

"कुणी झोपवलं?" ताईने विचारलं.

मिस्त्रींनी गाठीवर बोट ठेवलं. "मी. ही गाठ माझी आहे. दीड वर्षापूर्वी दलालाच्या सांगण्यावरून मी लावली. गुरुवारी सापडली, तरी खोटं बोललो."

ताईचा बांध फुटला. "चार दिवस! चार दिवस मी त्या आजींच्या उशाशी बसून माफी मागतेय! रात्री डोळे मिटले की तो काटा दिसतो. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटायचं," मिस्त्री चाचरत म्हणाले, "इंजिन काही मी बिघडवलं नव्हतं. काटा हलला काय, न हलला काय..."

"ऐक," आजोबा म्हणाले. ते मिस्त्रींना आतापर्यंत अहो-जाहो करत होते, ते आता थांबलं. "इंजिनाला ताप आला तो तुझा दोष नाही. पण तापलेल्याने ओरडू नये म्हणून तू त्याचं तोंड दाबलंस. मी पन्नास वर्षं घड्याळं केली. बंद घड्याळ परवडलं रे. माणूस ते बघतो आणि शेजाऱ्याला वेळ विचारतो. पण चुकीची वेळ दाखवत दिमाखात चालणारं घड्याळ? माणूस त्याच्यावर विसंबतो आणि फसतो. फसल्यावर लोक घड्याळाला नाही, त्या माणसालाच बोल लावतात! ही पोर चार दिवस तेच भोगतेय. आणि मी स्वतःवरचाच विश्वास घालवून बसलो होतो. तुझ्या या मण्याने केवढं काम केलंय ते बघ!"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीचा माणूस, भर रस्त्यात, तेलकट हातांनी तोंड झाकून उभा राहिला. "माफ करा," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"माफीचं नंतर बघू," आजोबा म्हणाले. "अशा गोळ्या अजून किती जणांना दिल्यास?"

मिस्त्रींनी मनाशी आठवून बघितलं. आठवत होत्या, सगळ्या आठवत होत्या. "अकरा."

"मग इथं रडत काय उभा आहेस?"

त्या संध्याकाळी मिस्त्री केंद्रात गेले. घरच्यांसमोर उभे राहिले आणि गोळी टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंड फिरवलं. आजींची सून मात्र उठून ताईजवळ गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "मी तुम्हाला नको ते बोलले हो." आजोबांच्या मुलाने खिशातून भिंग काढलं आणि बापाच्या हातात ठेवलं. मिस्त्रींना त्या चार शिव्यांपेक्षा हे भिंग जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक गाडी शोधायला सुरुवात केली. दोन गाड्यांचे मालक गाडीला हातही लावू देईनात. दलालाने तर "डोकं फिरलं का तुमचं?" असं विचारून फोन आपटला. पंधरा दिवसांत आठ गाड्या सापडल्या. उरलेल्या तीन गाड्यांचा शोध अजून चालू आहे, आणि त्या सापडेपर्यंत मिस्त्रींना स्वस्थ झोप नाही. बरंच आहे ते!

मिस्त्रींना नावं ठेवून आपण मोकळे होऊ, तर तसं नाही, वाचकहो. ओल आलेल्या भिंतीला रंग मारून भाडेकरू आणणारे आपणच असतो. न तपासलेल्या कामावर 'तपासले' असा शेरा मारणारेही आपणच. आपण कुठं काही बिघडवलं, असं तेव्हा वाटतं. पण धोक्याची खूण झाकणं म्हणजे धोका दुसऱ्याच्या घरी पाठवणं. तो फुटतो तेव्हा तिथं आपण नसतो, आणि जो असतो तो बिचारा स्वतःलाच दोषी समजत राहतो. विकताना, देताना, सही करताना, आहे तो दोष तोंडाने सांगावा. न सांगता हातून गेला असेल, तर जाऊन सांगावा. लाज वाटेल. वाटू द्यावी.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी व्हॅन पुन्हा निघाली. आजोबा पुढच्या सीटवर, मुठीत भिंग. ताईने किल्ली फिरवली तेव्हा काटा तळाशी होता. पहिल्या वळणापर्यंत तो तसाच राहिला, मग हळूहळू वर सरकू लागला.

"हलला गं," आजोबा म्हणाले.

"हो आजोबा," ताई म्हणाली. "मीही बघितलं."