उलटा पंखा

जुने गिऱ्हाईक असलेल्या बाबाजींची गाडी तिसऱ्यांदा वाफ सोडत गॅरेजात आली, तेव्हा गुणाजी खुर्चीतूनच मुलाला म्हणाले, "आदेश, दिशाला बोलाव."

आदेशने बॉनेट उघडलं. पेणच्या या गॅरेजात आठ वर्षं तो राबत होता. धाकटी बहीण दिशा लग्न करून रोह्याला गेली, धाटावच्या कंपनीत यंत्रांच्या दुरुस्तीला लागली, तरी बाबांचं आपलं तेच. गाडी अडली की दिशा.

"मी बघतोय ना, बाबा."

"पंधरा दिस बघतोयस."

ते खरंच होतं. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याची जळलेली मोटर काढून नवी बसवली. तरी पेणच्या बाजारात शिरलं की तापमानाचा काटा लाल खुणेवर. बाबाजी आता इंजिनच गेलं असं धरून बसले होते.

दिशा एसटीने आली. तिची शिफ्ट तीनची होती. तिने हत्याराला हातही लावला नाही, आधी बाबाजींना विचारलं, "काका, तापते कधी?"

"बाजारात गो. हायवेला लागली की थंड."

"व्हय?" तिने गाडी चालू करून एसी लावला. पंखा फिरू लागला. मग वर्तमानपत्राचा एक कागद तिने गाडीच्या तोंडाशी, जाळीवर धरला. तो आत ओढला जाऊन चिकटायला हवा होता. त्याऐवजी फडफडून तिच्याच तोंडावर आला.

तिने आदेशकडे पाहिलं. त्याचे कान तापले. मोटर त्यानेच बसवली होती. वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, पंखा उलटा फिरत होता. धावत्या गाडीला समोरचा वारा लागत होता म्हणून निभावत होतं, उभी राहिली की गरम हवा आतच.

"नव्या मोटरीच्या वायरींचे रंग वेगळे येतात," दिशा बाबांना म्हणाली. "कोणाचंबी चुकलं असतं."

"तुझं नसतं चुकलं," गुणाजी म्हणाले.

तिने सांभाळून घेतलं, तेच आदेशला जास्त झोंबलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वायरी बदलून झाल्या. गाडी तपासायची आणि दिशाला कामावर सोडायचं, म्हणून दोघं त्याच गाडीने निघाली. बाजारात गर्दीत गाडी दहा मिनिटं उभी राहिली. आदेश काट्याकडे बघत होता, आणि मनात त्याला वाटत होतं, चढू दे. एकदा तरी हिचं चुकू दे. काटा मधोमध बसून राहिला. आपल्या मनातलं त्यालाच किळसवाणं वाटलं.

कासू गाव मागे पडल्यावर दिशा म्हणाली, "दादा, पाटीवर काय लिवलंय आपल्या?"

"'गुणाजी आणि मुलगा'. का?"

"मी दहावीत असताना ती लावली. तवा इंजिन मी उतरवायची, तू क्रिकेटला जायचास. बाबा मला शिकवायचे, पण पाटी रंगवताना मी समोर उभी होती तरी कोणी इचारलं नाय. लय जळायची मी तुझ्यावर. अजून जळते, कधी कधी."

इतकी वर्षं आदेशला वाटे, या मत्सराच्या आगीत आपण एकटेच आहोत. तिला माफ करावंसं वाटत होतं, आणि तिची माफी मागावीशीही.

"पोचायला उशीर होईल," एवढंच तो म्हणाला आणि गाडी जोरात हाकली.

कंपनीच्या फाटकाशी ती उतरली. "येते रे," म्हणून पळाली, हजेरीचा पंच मारायला तीनच मिनिटं उरली होती.

संध्याकाळी त्याने गाडी बाबाजींच्या दारात नेऊन लावली.

"इंजिन वाचलं ना?" बाबाजींनी विचारलं.

"वाचलं. त्याला काय झालंच नव्हतं," आदेश म्हणाला. "मीच वायरी उलट जोडल्या होत्या. दिशाने शोधलं." आणि बाबाजी काही बोलायच्या आत चावी त्यांच्या हातात देऊन तो पायीच घराकडे निघाला. छातीतली जळजळ गेली नव्हती, पण चालता येत होतं.