विमानाच्या नाकावर नारळ

आमच्या ह्यांनी जुनं विमान घ्यायचं मनावर घेतलं आणि घराची झोप उडाली. वराळ्याच्या एका शेडमध्ये सुरू झालेला गिअरचा कारखाना आता चार राज्यांत आहे, तेव्हा ऐपतीचा प्रश्न नव्हता. पण ह्यांचं, म्हणजे निलेशरावांचं, एकच टुमणं: मध्ये कुठं न थांबता म्युनिक गाठेल असंच विमान हवं.

म्युनिकला आमची सृष्टी असते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा हे गेले नाहीत. पुढं नात झाली, तरी फोन मीच करायची आणि हे शेजारच्या खोलीत कान देऊन बसायचे. आता व्हिसासुद्धा काढून ठेवला आणि म्हणायला लागले, "इमान येऊ दे, मग थेट तिच्याकडंच."

तेव्हापासून ह्यांचा पाय एका जागी ठरेना. अर्धा चहा टाकून उठायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे, विमानाचा दलाल श्रीयश याला फोन लावायचे. "तेल भरायला उतरावं लागनार न्हाई ना?" तो बिचारा तळेगावचा पोरगा रोज तेच उत्तर द्यायचा.

"अहो, येणार म्हणून सृष्टीला कळवलंत का?" मी विचारलं.

"आधी इमान तर येऊ दे."

शेवटी विमान पुण्याला आलं. चाचणीचं उड्डाण करायचं आणि मग सही. माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, पूजेचं ताट घेऊन गाडीत आधीच बसलेल्या. "दुसऱ्यानं वापरल्यालं हाय. नारळ फोडल्याबिगर कुनी चढायचं न्हाई."

विमान ठेवायच्या हँगरमध्ये त्यांनी चाकांना हळदकुंकू वाहिलं, चाकांपुढं लिंबं ठेवली. आमच्याकडं नवी गाडी आली की चाकापुढं दगड ठेवून त्यावर नारळ फोडतात. दगड काही सापडेना.

"मावशी, इथं खडासुद्धा राहू देत नाहीत," श्रीयश म्हणाला. "इंजिनात ओढला जातो. नारळ आपण बाहेर फोडू."

"बाहीर कशाला? फरशीवरच..." सासूबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत ह्यांनी नारळ उचलला आणि विमानाच्या नाकावर हाणला.

नारळ शाबूत राहिला. नाकाला ही मोठी भेग पडली.

श्रीयशचा चेहरा पांढराफटक. नाकाच्या आत रडार असतं, म्हणून वरचं कवच धातूचं नसतं, फायबरचं असतं, हे त्यानं तेव्हा सांगितलं. नवं कवच परदेशातून मागवायचं. तोवर विमान हलणार नाही, काही महिने तरी.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ट्रॅक्टरला ओरखडा गेला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, पण आज त्यांनी नुसता मोठा सुस्कारा सोडला. खांदे सैल पडले. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना लेकीपुढं उभं राहायची भीती वाटत होती, आणि आता न जायला चांगलं कारण मिळालं होतं.

परत येताना गाडी हेच चालवत होते. आमच्या घरचा वराळ्याचा फाटा मागं पडला, कान्हे गाव मागं पडलं, तरी गाडी थांबेना.

"आरं, घर ऱ्हायलं की मागं," सासूबाई म्हणाल्या. हे आपल्याच तंद्रीत, घाट उतरायच्या बेतातच होते. लोणावळ्यात मी गाडी बाजूला घ्यायला लावली, सृष्टीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन ह्यांच्या हातात कोंबला.

"पप्पा?" पलीकडं नात किरकिरत होती.

ह्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "सृष्टी, मी येनारच होतो बघ. तुझ्याकडं यायला इमान घेतोय. पर त्याचं नाक फुटलं. आता दोन-चार म्हैने तरी..."

पलीकडची किरकिर थांबली; तिनं पोरीला उचलून घेतलं असावं.

"पप्पा," मग ती म्हणाली, "मुंबईहून इकडं रोज विमान येतं."

ह्यांनी काचेबाहेर पाहिलं. चिक्कीच्या दुकानापुढं लोकांची गर्दी होती. सासूबाई मागून काही बोलायला गेल्या, मी त्यांचा हात दाबला.

"उद्याचं कधी सुटतं?" ह्यांनी विचारलं.