सरावाचा पेशंट

नव्या संगणकावर हात बसावा म्हणून सिस्टरांना आधी खोट्या पेशंटांवर शिकवतात. खोटा म्हणजे नाव, वय, खाट सगळं पडद्यावर. प्रत्यक्षात खाट रिकामी. जळगावच्या एका कंपनीचा ललित धुळ्याच्या दवाखान्यात तीन आठवडे हेच शिकवत होता.

पहिल्याच दिवशी कुंदाबाई सिस्टरांनी त्याला बजावलं होतं, "भाऊ, जित्या माणसाचं नाव घालू नका. दवाखान्यात चढलेलं नाव लवकर उतरत नाही."

ललित हसला होता. तरी त्याने कुणाचंच नसेल असं नाव जुळवलं. धनसिंग जीवराम, वय बासष्ट, वॉर्ड तीन, खाट नऊ. नातेवाइकाचा मोबाइल नंबरही मनानेच ठोकून दिला.

आज शेवटचा दिवस होता. दुपारी बाराला जळगावच्या ऑफिसातून सरावाची सगळी नावं पुसली जाणार आणि मग खरे पेशंट सुरू होणार. साडेअकराला ललित वॉर्डात आला, तर खाट नऊजवळच्या स्टुलावर एक म्हातारी बसलेली. हात रिकाम्या खाटेच्या चादरीवर.

"कोणाकडे आलात, अक्का?"

"मी यशोदाबाई, शिरपूरकडली." तिने मोबाइल पुढे केला. "माले मेसेज उना. धनसिंग जीवराम मना घरवाला शे. अकरा वरीस व्हयनात, घर सोडी गया. आज सापडना."

ललितच्या आता लक्षात आलं. नातेवाइकांना आपोआप मेसेज जाण्याची सोय बंद करायची तो विसरला होता.

"अक्का, माफ करा. हे नाव मी बनवलेलं आहे. इथे कुणीच नाही."

म्हातारी रागावली नाही. "तू बनाडं का? मंग सांग बरं, त्याना जेवाना हातले बोटं किती?"

ललित संगणक सुरू करू लागला.

"दोन. बाकीना कापूसना जिनिंगमा, यंत्रमा गयात."

नोंद कोरी आहे हे दाखवावं म्हणून ललितने संगणक तिच्याकडे वळवला. नोंद कोरी नव्हती. दर सहा तासांनी नाडी लिहिलेली: बहात्तर, चौसष्ट, बावन्न. खाली शेरा, 'उजव्या हाताला दोनच बोटं, सलाईन डावीकडे.' लिहिणाऱ्याच्या जागी ललितचं नाव. शेवटची नोंद सकाळी सहाची होती, आणि सहाला तो पारोळ्याजवळ एसटीत होता.

त्याने जळगावला साहेबांना, प्रेमराजला, फोन लावला. "साहेब, खाट नऊचं नाव पुसू नका."

"का रे? सरावाच्या पेशंटला नाडी लागली का काय?"

"लागली आहे. आणि उतरते आहे."

प्रेमराज हसला, मग हसायचा थांबला. "धुळ्याचं ऊन बाधलं तुला. हे बघ, पुसणं बाराला आपोआप सुरू होतं. आता कुणालाच थांबवता येत नाही. ज्याला आधी सुट्टी दिली, तेवढाच वाचतो."

पावणेबारा झाले होते. ललितने कुंदाबाईंकडे पाहिलं. त्या औषधांची गाडी ढकलत दाराशी आल्या होत्या.

"सिस्टर, याला सुट्टी देऊ?"

"न्यायला माणूस आलंय ना?" त्या खालीच बघत म्हणाल्या. "मग द्या की." आणि गाडी घेऊन बाहेर गेल्या.

सुट्टीच्या फॉर्मला दोन अंगठे लागत. यशोदाबाईने आपला लावला. दुसरा पेशंटचा. ललितने अंगठा घ्यायचं लहानसं यंत्र खाटेच्या डाव्या बाजूला, रिकाम्या चादरीवर धरलं. त्याची त्यालाच लाज वाटली. काहीच झालं नाही. बाराला चार मिनिटं होती.

यशोदाबाई उशीवर वाकली. अकरा वर्षांचं काहीही तिने काढलं नाही. एवढंच म्हणाली, "दाब ना. घर जाऊत."

यंत्र ललितच्या हाताला किंचित जड लागलं. हिरवा दिवा पेटला.

यशोदाबाई उठली. कुणाला धरता यावं तसं कोपर जरासं बाहेर काढून, सावकाश, पावलाला पाऊल जुळवत ती दाराकडे चालू लागली. बाहेरच्या अरुंद बोळातून कुंदाबाई गाडी घेऊन परत येत होत्या. त्यांनी गाडी भिंतीला चिकटवली, स्वतःही अंग चोरून उभ्या राहिल्या आणि दोघं जाऊ शकतील एवढी वाट करून दिली.

मग दचकून त्यांनी दाराशी आलेल्या ललितकडे पाहिलं.