सिंगापूरहून मानपाड्याला

आमची ऐश्वर्या विमान चालवते. हवाईसुंदरी नाही, पायलट. हे मी आमच्या शीळफाट्यापलीकडच्या मानपाड्यातल्या भाजीवाल्यालासुद्धा दोनदा सांगितलंय, आणि तिसऱ्यांदा सांगायलाही लाजणार नाही.

त्या रविवारी तिला बघायला घोडबंदर रोडवरून पाहुणे यायचे होते. मुलगा ऋतुराज, आयटीत, स्वभावाने शांत. स्थळ माझ्या नणंदेने, ठमावन्सांनी आणलेलं. आमचे हे एमआयडीसीत फिटर, असं स्थळ आमच्या दारात रोज थोडंच येतं? मला ते फार हवं होतं, खोटं कशाला बोलू. वन्सांनी बजावलेलं, मुलाच्या आईला पोरीची ही उडाउड पसंत नाही, लग्नानंतर ऑफिसातलं काम घेईल म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी मान डोलावली होती.

नेमकी त्याच दिवशी ऐश्वर्या सिंगापूरहून विमान घेऊन यायची होती. तिकडे ते बेट, इकडे मुंबईचं बेट, मध्ये जवळजवळ चार हजार किलोमीटर आणि साडेपाच तास. उशीर झाला तर कांदेपोहे घेऊन बाहेर कोण जाणार, मी? सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलेला.

पण ती वेळेवर आली. तोंड धुतलं, साडी नेसली, पोहेसुद्धा स्वतःच केले. पाहुण्यांचाच पत्ता नाही. आधी गायमुखला ट्रक बंद पडलेला, मग शीळफाट्याला ट्रॅफिक. एकला घरून निघालेले, तीनला यायचे ते पाच वाजून गेल्यावर आले, घामाघूम आणि चिडलेले. पोहे परत गरम केले.

चहा झाल्यावर मुलाच्या आईने विषय काढलाच. नोकरी छानच आहे म्हणाल्या, पण सिंगापूर म्हणजे केवढं लांब, उद्या घरात कोणी आजारी पडलं तर सून परदेशात. जमिनीवरचं काही बघेल ना ती? वन्सांनी मला कोपराने ढोसलं. ऐश्वर्या माझ्याकडेच बघत होती. मी काय कबूल केलंय ते तिला ठाऊक होतं.

माझं डोकंच सटकलं.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही घरून निघालात तेव्हा माझी पोरगी आभाळात होती, दोनशे माणसं घेऊन. ती घरी आली, तिने पोहे केले, तरी तुम्ही शीळफाट्यालाच. लांब कोण राहतं ते तुम्हीच सांगा. ती विमान सोडणार नाही."

ऋतुराजला हसू आलं, पण आईने बघितल्यावर त्याने मान खाली घातली. कळवतो म्हणाले आणि उठले. कळवतो म्हणजे काय, ते मुलीच्या आईला सांगावं लागत नाही. जिन्यातच वन्सं माझ्यावर तुटून पडल्या, पोरीचं वाटोळं केलंस म्हणाल्या. वाईट मलाही वाटलं. पोरगा खरंच चांगला होता.

वर आले तर ऐश्वर्या डोळे पुसत उभी.

"आई, परवा परत सिंगापूर आहे."

"जा. कुणी विचारलं तर सांग, आईने पाठवलंय."