उलटं

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला होता: "उलटं." चहा दिला तरी उलटं, सदरा घातला तरी उलटं. डॉक्टर म्हणाले, जिभेवर अडकलेला शब्द आहे, त्यात अर्थ शोधत बसू नका. घरच्यांना ते सोयीचंच झालं. बाबांसमोर बाबांबद्दल बोलताना कुणाला काही वाटेनासं झालं. परवा तर त्यांच्या उशाशी उभं राहून, ते गेल्यावर ही खोली कुणी घ्यायची यावर चर्चा झाली. मी त्यात होते. पण मला एवढंच कळायला हवं होतं, की माझा बाप आत आहे की नाही.

त्या सकाळी दादाने ट्रॅक्टरपुढे हात टेकले होते. किल्लीचा जुना स्विच जळाला म्हणून त्याने नवा बसवला, पण नव्याचे नऊ दिवसही मिळाले नाहीत. किल्ली फिरवली की फ्यूज उडायचा आणि स्टार्टर ढिम्म. मी बाबांची खुर्ची शेडच्या दारात उन्हाला लावली आणि बाह्या वर केल्या. या ट्रॅक्टरच्या पोटात बाबांबरोबर डोकं घालायचे ती मीच. दादाला तेव्हा हात काळे झालेले चालायचे नाहीत.

"बॅटरी बघितलीस?"

"भरलेली आहे. स्टार्टरच गेलाय. भंगारात देऊन मोकळे होऊ."

गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघून मी वायरच्या तुकड्याने बॅटरीचा करंट थेट सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरवरच्या चुंबकी स्विचला दिला. स्टार्टर गर्रकन फिरला. म्हणजे तो ठणठणीत होता. दुखणं होतं ते किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या तारेत.

बॅटरीकडून येणारी तार सोडली तर स्विचमागे दोन तारा आल्या होत्या. दादाने सगळं जग जोडतं तशी लाल स्टार्टरच्या टोकाला जोडली होती आणि काळी अर्थिंगला, म्हणजे पत्र्याला. मी दोन्ही सोडवून टोकं घासली आणि लाल पुन्हा तिथेच लावायला गेले.

"उलटं," बाबा म्हणाले.

"झालं यांचं सुरू," दादा म्हणाला.

मी लाल तार स्क्रूखाली सारली.

"उलटं." या वेळी त्यांचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

मी थांबले. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि टोक लाल तारेला टेकवलं. दिवा लख्ख पेटला. म्हणजे लाल तारच पत्र्याला गेलेली होती. काळी हलकेच ओढली, तर खाली सोलेनॉइडजवळचं टोक हललं.

तेव्हा कुठे आठवलं. मी लहान होते, टॉर्च धरून उभी होते, आणि बाबा या तारा भरत होते. लाल तार गरम, म्हणजे करंटची, हे चोरालाही ठाऊक असतं, म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा, तर आपल्या उलट्या तारा." आणि आपल्याच विनोदावर एकटेच हसले होते.

मी तारा बदलल्या, नवा फ्यूज घातला. दादाने किल्ली फिरवली. ट्रॅक्टर खोकला, काळा धूर सोडला आणि चालू झाला. दादाने तो लगेच बंद केला.

"बाबा, तुम्हाला सगळं कळतं?" मी विचारलं.

बाबा नुसते आमच्याकडे बघत राहिले. मला परवाची ती चर्चा आठवली आणि इतकी लाज वाटली, की मी उगाचच पाने-पकडी पुसत बसले. दादाही सीटवरून उतरला नाही.

संध्याकाळी त्यांना पलंगावर टेकवलं.

"उलटं," ते म्हणाले.

हे ते रोज म्हणत. "हो हो, सगळं जगच उलटं," म्हणत मी रोज पांघरूण घालत असे. त्या दिवशी हात तसाच राहिला. पलंगाची उशाची बाजू खिडकीकडे होती, औषधांचं टेबल तिथे मावतं म्हणून. पडल्यावर बाबांसमोर यायची ती कोरी भिंत. इतके महिने.

दादाने टेबल उचललं. आम्ही बाबांना खुर्चीत बसवलं, पलंग फिरवला आणि त्यांना पुन्हा आडवं केलं. समोर खिडकी आली, खिडकीत शेड.

मी पांघरूण हातात धरून वाट बघत राहिले. बाबा काहीच बोलले नाहीत.